घट्ट कुरळे केस: आधी कोरडा कंगवा बाजूला ठेवा

“हिचे केस वाढतच नाहीत” असं घरात माझ्याबद्दल इतक्या वेळा बोललं गेलं की तिशीपर्यंत मीही तेच धरून चालले होते. खांद्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. मे महिन्यात पिंजलेला कापूस, जुलैत भिजलेला कापूस. मग एकदा न्हाताना मागची एक बट सहज दोन बोटांत धरून खाली ओढली, तर ती कमरेच्या वर चार बोटं जाऊन टेकली. वाळल्यावर तीच बट परत खांद्यावर. म्हणजे केस वाढत होते, मला दिसत नव्हते. आणि जे वाढत होते त्यातले बरेचसे मी रोज सकाळी कंगव्याने तोडून केरात टाकत होते.

ज्यांची बट पेन्सिलीएवढ्या किंवा पेनातल्या रिफिलीएवढ्या गोलाईत वळते, ज्यांनी वर्षानुवर्षं पाणी-तेल लावून केस “बसवले” आणि आता ते आहेत तसे वाढवून बघावेत असं ज्यांना वाटू लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बायका-पुरुष दोघांसाठी. केसांना नुसत्या लाटा असतील तर हेच करा, फक्त क्रीम आणि तेल निम्मं घ्या, नाहीतर केस डोक्याला चिकटून बसतील.

केस असे का वागतात

सरळ केस गोल असतो, म्हणजे आडवा कापला तर टिंबासारखा दिसतो. घट्ट कुरळ्या केसाचा काप लांबट, चपटा असतो आणि तो ज्या मुळातून येतो ते मूळ कातडीच्या आतच वाकलेलं असतं. त्यामुळे तो बाहेर येतानाच वळत येतो. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून घसरगुंडीवरून उतरावं तसं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला आंबेनळी घाट लागतो आणि ते पहिल्या दोन-चार वळणांतच अडकून राहतं. म्हणून आपली टाळू तेलकट आणि टोकं मात्र वाळक्या गवतासारखी. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची कमकुवत जागा असते. ओढ बसली की तो तिथे तुटतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. केसाच्या आत जे बंध असतात त्यातले गंधकाचे बंध पक्के, पाण्याने सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा, की तुमच्या केसांचा आकार ठरतो तो ओले असल्यापासून वाळेपर्यंतच्या वेळात. त्या वेळात जे कराल ते दिसेल. वाळल्यानंतर कंगवा फिरवलात तर नीट जमलेली प्रत्येक बट फुटून तिचे वीस सुटे केस होतात, वीस दिशांना जातात आणि त्यातले दोन-तीन तुटतात. सरळ केसांच्या घरात वाढलेल्या कुरळ्या मुलीला मात्र रोज सकाळी कोरडे केस विंचरायलाच शिकवलेलं असतं.

शोधायला लागलात की “थ्री-सी”, “फोर-ए” असले आकडे समोर येतील. ही वर्गवारी आंद्रे वॉकर यांची. ते अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रेचे केशरचनाकार होते. १ म्हणजे सरळ, २ लाटा, ३ कुरळे, ४ अतिघट्ट, आणि पुढचं अक्षर घट्टपणा सांगतं. यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. एकाच डोक्यावर मानेजवळ एक आणि कपाळाजवळ दुसरा प्रकार असतो, माझ्या डोक्यावर तीन आहेत. आकड्याचा उपयोग एवढाच, की व्हिडिओ बघताना आपल्यासारखे केस असलेली बाई सापडते.

आणि ती बाई बहुतेक वेळा आफ्रिकन-अमेरिकन असेल. खाली मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या बायकांनी स्वतःच्या न्हाणीघरात करून बघून एकमेकींना सांगितलेलं आहे. स्पॅनिश अमलाखालच्या लुईझियानात १७८६ साली स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम निघाला होता, तर त्यांनी ती फडकीच इतकी झोकदार बांधली की शिक्षेची शोभा झाली. आणि नैसर्गिक केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट २०१९ मध्ये. आपल्याकडे उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळ भागात किंवा गीरजवळच्या जांबूरमध्ये मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घरांत ४ नंबरचे केस पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण आपल्या दुकानातल्या बाटल्यांवरची मुलगी अजून सरळ केसांचीच.

घरात काय हवं

मोठ्या, विरळ दातांचा कंगवा. एक पंचा, नवा खळ असलेला नाही, वापरून मऊ झालेला. टर्किश टॉवेलच्या फाशांत केस अडकतात आणि विस्कटतात. परदेशी मंडळी त्यासाठी मायक्रोफायबरचा टॉवेल विकत घेतात, आपल्याकडे पंचा पिढीजात आहे. एक सौम्य शाम्पू, कंडिशनरची सगळ्यात मोठी बाटली, एक जेल, आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. सुरुवातीला एवढंच. पहिल्याच महिन्यात सात बाटल्या घेऊन बसलात तर काय लागू पडलं आणि काय नाही हे कधीच कळणार नाही. मी हा उद्योग केलेला आहे.

बाटलीमागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. शाम्पूत सोडियम लॉरिल सल्फेट नको, ते भांड्याच्या साबणासारखं सगळं ओरबाडून नेतं. कंडिशनर आणि क्रीममध्ये डायमेथिकॉन वगैरे सिलिकॉन असतील तर केस दोन आठवडे रेशमासारखे लागतात, पण सौम्य शाम्पूने तो थर पुरता निघत नाही, साचत जातो आणि पाणी आत शिरेनासं होतं. सिलिकॉन म्हणजे विष नव्हे. वापरायचं असेल तर महिन्यातून एकदा जोरदार शाम्पूने ते काढून टाका, इतकंच. अल्कोहोल शब्द दिसला की घाबरू नका. सेटिल, सेटेरिल, स्टिअरिल ही अल्कोहोल स्निग्ध असतात, केस मऊ करतात. जेल घेताना मात्र पहिल्या चार-पाच नावांत साधं अल्कोहोल असेल तर बाटली परत ठेवा.

अंगाचा साबण डोक्याला अजिबात नको. तो अल्कलीयुक्त असतो, केसावरचे खवले उघडतो आणि मग केस एकमेकांत अडकतात. शिकेकाई चालते, पण काढा करून आणि दोनदा गाळून. भुकटी तशीच लावलीत तर आठवडाभर बटांतून मातीसारखी झडत राहील. गादीवर, कॉलरवर, ऑफिसच्या खुर्चीवर.

न्हाण्याचा दिवस

सुट्टीचा दिवस निवडा. पहिल्यांदा दीड तास लागेल, दोन महिन्यांत तो पाऊण तासावर येतो.

आदल्या रात्री किंवा दोन तास आधी खोबरेल तेल लावा, टाळूला कमी आणि लांबीला जास्त. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण आज्या हेच म्हणत होत्या. फक्त आज्यांच्या दोन गोष्टी सोडा. एक, न्हाऊन झाल्यावर तेल थापणं. दुसरी, कोंडा असताना टाळूला तेल चोळणं. कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते.

मग न्हाणं, या क्रमाने:

१. तेल लावलेले केस बोटांनी चार भागांत वेगळे करा. मोठे गुंते बोटांनीच सोडवा. कंगवा अजून नाही.

२. पूर्ण भिजवा. घट्ट केसांत पाणी आतपर्यंत जायला वेळ लागतो. वरून ओले दिसतात आणि टाळू कोरडीच असते.

३. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. लांबीला वेगळा लावायचा नाही. धुताना जो फेस खाली उतरतो तेवढा पुरे. केस डोक्यावर गोळा करून घुसळणं कायमचं बंद.

४. आता कंडिशनर. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना दोन-तीन मोठे चमचे सहज लागतात. एक भाग घ्या, कंडिशनर लावा, ओंजळीत पाणी घेऊन त्यात मिसळा. बट शेवाळासारखी बुळबुळीत झाली पाहिजे. मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकापासून. आधी शेवटची दोन बोटं, मग चार, मग आठ, असं वर मुळाकडे. मुळापासून खाली ओढलात तर वरचे सगळे गुंते खाली जाऊन त्यांची एक गाठ होते आणि ती कात्रीशिवाय सुटत नाही.

५. धुताना थोडा बुळबुळीतपणा राहू द्या. लख्ख धुतलेले केस वाजतात, आपल्याला तो आवाज नको.

या दिवशी हातात मूठभर केस येतील आणि पोटात गोळा येईल. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांचे ते उशीवर, फरशीवर, कंगव्यात पडून जातात. आपले वळणांत अडकून राहतात आणि आठवड्याचे एकदम निघतात, म्हणजे साडेतीनशे ते सातशे. घाबरण्याआधी चार केस घेऊन उजेडात बघा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो केस आपल्या वेळेने गळलेला आहे. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर तो तुटलेला आहे. तुटलेले जास्त दिसले तर हात हलका करा आणि कंडिशनर वाढवा.

किती वेळा न्हायचं? थंड देशातले लोक शाम्पू सोडूनच द्या, नुसत्या कंडिशनरने धुवा असं सांगतात. पुण्याच्या धुळीत दुचाकी चालवणाऱ्याने किंवा लोकलमध्ये घामाने निथळणाऱ्याने हे ऐकू नये असं माझं ठाम मत आहे. खाज आणि कोंडा ठरलेला. पाच ते सात दिवसांतून एकदा शाम्पू, मध्ये फार घाम आला तर नुसतं पाणी आणि कंडिशनर.

ओल्या केसांवरच सगळं

नळ बंद केल्यापासून पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. केस पिळू नका, पंच्याने झटकू तर मुळीच नका. आमच्याकडे आजी ओले केस पंच्याने फटाफट झटकायची, तिचे सरळ होते, तिला चालायचं. पाणी ठिबकत असतानाच क्रीम किंवा तोच कंडिशनर थोडासा लावा, मग जेल. लावायची पद्धत अशी: बट दोन तळव्यांमध्ये घ्या, नमस्कार करतो तसे तळवे जुळवा आणि वरून खाली सरकवा. मग डोकं खाली वाकवून केस तळव्यात गोळा करून टाळूकडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. चिखलात पाय रुतल्यासारखा पचपच आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर पाणी कमी आहे, जेल नव्हे. पाणी वाढवा.

यानंतर पंच्यात केस तसेच दाबून जास्तीचं पाणी टिपा आणि हात लावू नका. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. हे सगळ्यात अवघड. वाळल्यावर केस उडदाच्या पापडासारखे कडक लागतील आणि वाटेल की बिघडलं. बिघडलेलं नसतं. तो जेलचा थर आहे, त्याच्या आत बट शाबूत वाळली आहे. दोन थेंब तेल तळव्यांना चोळून केस हलके चुरा, कडकपणा निघून जातो आणि आत मऊ बट निघते. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा तो पापड पाहून “आता कायमचं असंच का?” असं विचारलं होतं.

जेल घरी करायचं तर जवस. अळशी म्हणतात तीच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागतं. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळा. “गार झाल्यावर गाळू” म्हणालात तर ते गाळणार नाही, चमच्याने चटणीसारखं खावं लागेल. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास आला की टाकून द्या.

अंडं, दही, केळं डोक्याला लावण्याबद्दल एवढंच सांगते: अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याएवढं लहान नसतं. बाटलीवर “हायड्रोलाइज्ड” लिहिलेलं असतं ते प्रथिन तोडून लहान केलेलं असतं, ते उपयोगी पडतं. केस ओले असताना रबरासारखे ताणले जाऊन तुटत असतील तर महिन्यातून एकदा तसलं काही लावा. अंडं ऑम्लेटला ठेवा. आणि केळं गरम पाण्याने धुतल्यावर बटांत त्याच्या गुठळ्या अडकतात, त्या तीन दिवस निघत राहतात.

केस ग्लासातल्या पाण्यात टाकून बुडतो की तरंगतो ते बघण्याची एक चाचणी सगळीकडे सांगतात. केसावरचं तेल आणि पाण्याचा पृष्ठताण यावरच तो बुडतो किंवा तरंगतो, त्यातून विशेष काही कळत नाही. त्यापेक्षा न्हाताना बघा. पाणी बराच वेळ मोत्यांसारखं वर बसून राहतं आणि केस वाळायला अख्खा दिवस लागतो? मग हलकी क्रीम वापरा आणि कंडिशनर लावून डोक्याला गरम पंचा गुंडाळून पंधरा मिनिटं बसा. पाणी लगेच शिरतं आणि तासाभरात केस खडखडीत? मग जाडसर क्रीम, आणि वर टोकांना तेलाचा हात.

पाणी आणि हवा

मुंबईत नीट दिसणारे केस संभाजीनगरला मावशीकडे गेलं की दोन न्हाण्यांत राठ का होतात याचं उत्तर बहुधा बोअरच्या पाण्यात असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, जे गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे दिसतात, तेच केसांवर बसतात. शॉवरला लावायच्या छोट्या गाळण्यांनी पाणी खरंच मृदू होत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा इडीटीए असलेला शाम्पू वापरा, तो क्षार धरून काढतो. किंवा शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओच्या पाण्याचे घ्या. सोसायटीत टँकर येत असेल तर कोणत्या आठवड्यात कुठलं पाणी आलं हे केसच सांगतात.

ग्लिसरीन हा दुसरा घोळ. ते हवेतलं पाणी ओढतं. रत्नागिरीत जुलैमध्ये इतकं ओढतं की केस फुगून पिसारा होतो. नागपुरात मे महिन्यात हवेत पाणीच नसतं, तेव्हा ते केसातलंच पाणी बाहेर काढतं. म्हणजे भर पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असलेलं क्रीम नको. हिवाळ्यात आणि मधल्या दिवसांत खुशाल वापरा. पावसाळ्यात जेल थोडं जास्त, क्रीम थोडं कमी.

दुचाकीवाल्यांसाठी: हेल्मेटखाली आणि तोंडाला बांधायच्या सुती स्कार्फखाली सॅटिनचा एक चौकोनी तुकडा आधी डोक्याला बांधा. सुती कापड घासतं आणि ओलावा पितं. केस वर बांधू नका, मानेवर सैल ठेवा, नाहीतर हेल्मेट बसतच नाही.

रात्र आणि दुसरा दिवस

सॅटिनचा अभ्रा शिवून घ्यायला मीटरभर कापड पुरतं. माझा आईच्या जुन्या, काठ फाटलेल्या रेशमी साडीचा आहे. झोपताना केस कपाळाच्या वर, माथ्यावर सैल गोळा करून मऊ कापडी बँडने एकच वेढा द्या, अननसासारखं दिसतं. आखूड असतील तर नुसता अभ्रा पुरे. सकाळी कंगवा नाही, बाटलीतून पाण्याचा फवारा, ओल्या तळव्यांनी दाबणं, आणि ज्या दोन-चार बटा रुसल्या असतील त्या बोटाभोवती गुंडाळून सोडणं. तीन मिनिटं.

आता लांबी

केस साधारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात, आफ्रिकन पोताचे अतिघट्ट केस थोडे हळू. म्हणजे वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर, आणि आकसल्यामुळे त्यातले डोळ्याला दिसणारे जेमतेम पाच. म्हणून आरशात रोज बघू नका. दर तीन महिन्यांनी, ओले असताना, मागची एकच ठरलेली बट ताणून पाठीवर कुठे टेकते त्याचा फोटो काढा. तोच खरा हिशोब.

लांबी मुळाशी मिळते तितकीच टोकाशी टिकते. टोक हा तुमच्या केसाचा सगळ्यात म्हातारा भाग, खांद्याखाली गेलेल्या केसाचं टोक तीन-चार वर्षांचं असतं. त्याला कपड्याच्या कॉलरवर घासू देऊ नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस सैल वेणी किंवा दोन पदरी पीळ घालून टोकं आत खोचा. एकेका केसाला स्वतःचीच बारीक गाठ बसते, ती सोडवत बसू नका, गाठीच्या जरा वरून कात्रीने तेवढंच कापा. सगळ्या टोकांवर हाताला गाठीच गाठी लागू लागल्या की अर्धा इंच छाटायची वेळ झाली.

वेणी घट्ट मात्र नको. कपाळाजवळ आणि कानामागे सतत ओढ बसली की तिथले केस विरळ होतात, आणि ओढ वर्षानुवर्षं चालू राहिली तर ती जागा कायमची रिकामी राहते. वेणी घातल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील, मुळाशी बारीक पुटकुळ्या येत असतील, तर त्याच दिवशी सोडा. एरंडेलाने केस भराभर वाढतात यावर माझा विश्वास नाही. टोकांवर जाड लेप म्हणून ते चांगलं आहे, आणि तेवढ्यासाठी मी ते ठेवते.

केस कापायला जाताना आधीच फोन करून विचारा: कुरळे केस कोरडे असताना कापाल का? ओले, ताणून कापले तर वाळल्यावर किती वर जातील याचा अंदाज ज्याला कुरळे केस माहीत नाहीत त्याला येत नाही. “दाट आहेत, जरा थिनिंग मारते” हे वाक्य ऐकलं की खुर्चीतून उठा. दात्यांच्या कात्रीने मध्येच आखूड झालेले केस बटेत बसत नाहीत, वर्षभर उभे राहतात. पुरुषांनी वस्तऱ्याने बारीक करून घेणं टाळावं, दोन्ही बाजूंना मशीन चालेल, वरचं कात्रीने.

आणि केराटिन, म्हणजे पार्लरमध्ये द्रावण आणि इस्त्रीने केस सरळ करून घेणं. बहिणीच्या लग्नाआधी मीही करून घेतलं होतं. खोलीत धूर, डोळ्यांतून पाणी, आणि चौथ्या महिन्यात कानाजवळचे केस मुळापासून दोन इंचांवर तुटायला लागले. अशा अनेक द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मलडिहाइड सुटतं, डोळे त्यानेच चुरचुरतात. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केस सरळ करायची रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं. मुळात हा कर्करोग फार जणींना होत नाही, आणि एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. पण मी पुन्हा त्या खुर्चीत बसले नाही. रसायनाने मोडलेलं वळण त्या केसाला परत येत नाही. एक तर ते एकदम कापायचं, नाहीतर नवं वाढेल तसं थोडं थोडं. मी दीड वर्ष थोडं थोडं केलं. नवा कुरळा आणि जुना सरळ केस जिथे जोडलेला असतो तिथेच तो तुटतो, त्यामुळे त्या काळात ओढ शून्य ठेवावी लागते. आज करायचं असतं तर सरळ कापून टाकलं असतं.

एक अट आहे. केस चट्ट्याने जात असतील, भांग रुंद होत असेल, टाळू दुखत असेल, किंवा बाळंतपणानंतर वर्ष उलटूनही गळणं थांबत नसेल, तर जवसाचं जेल बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या ते बहुधा सांगतील. आपल्याकडे बायकांच्या अंगात लोह कमी असणं इतकं नेहमीचं आहे की मी तर आधी तीच शंका घेते.

लहान मुलांचं डोकं

आई सरळ केसांची आणि लेक कुरळी, ही जोडी मला सगळ्यात जास्त विचारते. मुलांच्या केसांना वेगळं काही लागत नाही, फक्त कमी सगळं: कमी शाम्पू, कमी बाटल्या, जेल जवसाचं. वेळ मात्र जास्त. माझी भाची सात वर्षांची आहे. तिच्या शाळेत दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या, त्यामुळे वेण्या कानाच्या खालून सुरू करते, म्हणजे कपाळाजवळ ओढ बसत नाही, आणि नायलॉनच्या रिबिनीऐवजी त्याच रंगाच्या सॅटिनच्या पट्ट्या आणल्या आहेत, वर्गशिक्षिकांना अजून फरक कळलेला नाही. रविवारी न्हाणीघरात स्टुलावर बसवून चार भाग करते. एका भागाला एक गोष्ट. राक्षसाची गोष्ट मानेजवळच्या भागाला राखून ठेवलेली असते, कारण तिथे गुंता जास्त असतो आणि राक्षस लवकर मरत नाही. आठवडाभर सकाळी फक्त फवारा आणि बोटं. कंगवा उंच फडताळावर असतो, आजीचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच.